दहाचाकीचं टीपीएमएस: पाच नंबरला रेघा, सात नंबरची रोज ओरड. सेन्सर बदलू का?

तळोजेकर

नमस्कार मंडळी. माझी एकच गाडी आहे, दहाचाकी. तळोजा एमआयडीसीतून माल भरून चाकण, आणि येताना तिकडून जे मिळेल ते. मेमध्ये खालापूरच्या अलीकडे मधल्या एक्सलचा आतला टायर फुटला. ड्रायव्हर बचावला, पण मडगार्ड आणि ब्रेकचा हवेचा पाइप गेला आणि गाडी दीड दिवस रस्त्याकडेला उभी राहिली. त्यानंतर कर्ज थोडं वाढवून टीपीएमएस, म्हणजे प्रत्येक टायरची हवा मोजून सांगणारं यंत्र, बसवलं. वॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून लावायचे दहा सेन्सर आणि डॅशबोर्डवर एक स्क्रीन.

आठ महिने झाले. आता दोन त्रास आहेत.

पहिला पाच नंबरचा, म्हणजे मधला एक्सल, ड्रायव्हर साइड, आतला. सकाळी स्क्रीनवर आकडा दिसतो, अर्ध्या तासाने नुसत्या रेघा. कधी परत येतो, कधी दिवसभर नाही.

दुसरा सात नंबरचा. मागचा एक्सल, क्लीनर साइड, बाहेरचा. रोज हाय प्रेशरची ओरड. वरची मर्यादा १३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लावली आहे, तो १३४ पर्यंत जातो. ड्रायव्हर ढाब्यावर थांबून थोडी हवा सोडतो आणि पुढे निघतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सात नंबर लो प्रेशर म्हणून ओरडतो. परत हवा भरायची, परत दुपारी हाय.

ज्याने बसवलं तो म्हणतो दोन्ही सेन्सर गेले, नवीन घ्या. ड्रायव्हरने कंटाळून बझरवर चिकटपट्टी लावली आहे. त्याच्यावर मला रागावता येत नाही, रोज सकाळ-दुपार ती किणकिण त्याच्याच कानात असते. पैसे घालण्याआधी तुम्हाला विचारतो.

जुना_घाटवाला

तळोजेकर दादा, सेन्सरचं नंतर बघू. आधी ड्रायव्हरला फोन करून सांगा की गरम टायरची हवा सोडायची नाही. कधीच नाही. तीस वर्षं बोरघाट केला, हीच चूक मी पोरांना सगळ्यात जास्त करताना पाहिली आहे.

टायर चालून तापतो, आतली हवा तापते, आकडा चढतो. टायर बनवणाऱ्याने ते धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. गरम असताना हवा काढली की गार झाल्यावर टायर भुकेला राहतो. भुकेला टायर जास्त वाकतो आणि म्हणून आणखी तापतो. तुमच्या सातचं नेमकं हेच चाललं आहे. सकाळचा लो तुमच्याच हाताने केलेला आहे, सेन्सर खरं तेच सांगतोय.

महापे_इलेक्ट्रॉनिक्स

काकांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार देतो. गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा १४.७ मिळवायचा आणि तापमानात २७३. मग दाब आणि तापमान एकाच पटीत वाढतात.

सकाळी ३० अंशांना ११० पीएसआय, म्हणजे खरा दाब १२४.७. टायरमधली हवा ६० अंशांवर गेली की गेज साधारण १२२ दाखवेल. भरलेल्या गाडीला हे अगदी सर्वसाधारण आहे. १३४ दाखवायला मात्र आतली हवा ८८ अंशांच्या आसपास जावी लागते. तिथे तुमच्या ड्रायव्हरने ती ११५ वर आणली असं धरा. रात्री गाडी गार झाली की गेजवर येतील ९४. म्हणजे ११० च्या जागी १६ कमी.

आता माझा प्रश्न. बाकीचे टायर त्याच वेळी १२२ च्या आसपास असतील आणि सात एकटाच १३४, तर सात जास्त का तापतो? की खरंच सेन्सर चुकतोय? हे घरी बसून कळणार नाही. पुढची माहिती द्या:

सकाळी गाडी निदान तीन-चार तास उभी असताना चांगल्या गेजने दहाही टायर मोजा आणि शेजारी स्क्रीनचा आकडा लिहा. सात नंबर ११० ला भरा. मग घाट चढायच्या आधी, खालापूर टोलला, पुन्हा सगळे आकडे स्क्रीनवरून लिहून घ्या. आणि डॅशबोर्डवर मोबाइल चार्जर, डॅशकॅम, रंगीत एलईडी असं काय काय लावलं आहे?

कळंबोली_टायरवाला

गेज चांगला हवा हे परत सांगतो. रस्त्यावरच्या काही हवेवाल्यांचे गेज पडून-आपटून दहा-दहा पीएसआय खोटं बोलतात. स्वतःचा एक ठेवा आणि दुसऱ्या गेजशी ताडून बघा.

पाच नंबरबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. आतल्या टायरला तुम्ही एक्स्टेन्शन नळी लावली असणार, कारण वॉल्व्ह आत असतो आणि हात जात नाही. टोपीच्या सेन्सरच्या आत एक खुंटी असते, ती वॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवते. म्हणजे सेन्सर लावला त्या दिवसापासून हवा पिनने अडत नाही, सेन्सरच्या रबरी वॉशरने अडते. एक्स्टेन्शन असेल तर त्याचाही एक वॉशर. आठ महिने, त्यात एक पावसाळा. वॉशर कडक झाला की हळूहळू हवा जाते. साबणाचं पाणी टाकून बघा.

आणि जपून. कुठलाही टायर ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली चाललेला असेल, तुमच्या ११० ला ८८, तर त्यात तशीच हवा भरायची नाही. रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या तारा वाकून वाकून आतून तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. हवा भरताना ती भिंत चेन उघडावी तशी फाटते आणि समोर बसलेला माणूस जातो. असा टायर आधी पिन काढून रिकामा करायचा, उतरवायचा, आतून हाताने आणि उजेडात तपासायचा आणि परत भरायचा तो पिंजऱ्यातच. आमच्या धंद्यातली माणसं यात गेली आहेत, म्हणून इतकं लांब लिहिलं.

तळोजेकर

सगळ्यांचे आभार. काकांचा निरोप ड्रायव्हरला त्याच रात्री दिला. काल पहाटे ५ ला मी स्वतः गेज घेऊन गेलो.

पुढचे दोन १०९ आणि ११०. तीन ११०, चार १०८, सहा ११०, आठ ११०, नऊ १०९, दहा १११. या सगळ्यांचा स्क्रीनशी फरक एक-दोनचा. सात गेजवर ९५, स्क्रीनवर ९४. म्हणजे सात नंबरचा सेन्सर खरं बोलतो. त्यात हवा भरून ११० केली.

पाच नंबरने मला घाबरवलं. स्क्रीनवर १०९, गेजवर ९१.

मग खालापूर टोलचे आकडे. बाकीचे ११७ ते ११९. सात १२८. आणि आठ १२७! इतके दिवस माझं आठकडे लक्षच नव्हतं, कारण ओरड सातपासून सुरू होते आणि एकदा बटण दाबून बझर बंद केला की पुढचं कोणी बघत नाही. तापमान सातचं ५१ दाखवलं, आठचं ४८, बाकीच्यांचं ४० ते ४३.

चार्जर आहे, साधा, सिगारेट लायटरच्या भोकातला. डॅशकॅमही आहे.

महापे_इलेक्ट्रॉनिक्स

तुम्ही निम्मं निदान करून टाकलंत. एकेक घेतो.

पाच नंबर: स्क्रीन सुरू झाल्यावर बरीच यंत्रं शेवटचा मिळालेला आकडा दाखवत राहतात. नवा संदेश ठरावीक वेळात आला नाही की मग रेघा. म्हणजे तुमचा १०९ जुना, शिळा आकडा होता. सकाळचा आकडा बरोबर आणि नंतर सेन्सर बिघडतो असं नाही, सेन्सरचा आवाज पोचतच नाही. त्यात हवाही खरोखर कमी होत आहे. दोन दुखणी एकाच जागी आली म्हणून गोंधळ झाला.

आपल्याकडचे हे सेन्सर साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात, आणि अगदी कमी ताकदीने, कारण आतला बटण सेल पुरवून वापरायचा असतो. आतल्या टायरच्या वॉल्व्हभोवती दोन लोखंडी डिस्क, ड्रम आणि चॅसिस, त्यात स्वस्तातला चार्जर त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. चार्जर नुसता मोबाइलपासून काढू नका, भोकातूनच काढा. एक दिवस चार्जर आणि डॅशकॅम दोन्ही बंद ठेवून चालवा. पाच नंबर परत आला तर एकेक लावून बघा. नाही आला तर चॅसिसवर मागे सेन्सरचा संदेश पुढे पोचवणारा रिपीटर लागेल, तो साध्या १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो. तुमची गाडी २४ ची असेल, घेताना बघून घ्या.

गाडी उभी असताना बरेच सेन्सर झोपतात, त्यामुळे निघाल्यावर पहिली काही मिनिटं रेघा आल्या तर तो बिघाड नाही.

सात आणि आठ: ही जोडी एकाच हबवर (चाकाच्या मधल्या भागावर), एकाच ब्रेक ड्रमवर आहे. दोन स्वतंत्र सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी माना. आणि ४८-५१ अंशांवर जाऊ नका. टोपीचा सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, तो स्वतःचं तापमान सांगतो, टायरच्या आतलं नाही. दाबावरून हिशेब केला तर आत ७४ अंश आहेत, तेव्हा बाकीच्यांच्या आत ४९ च्या आसपास. टोपीच्या सेन्सरमध्ये दाब हाच खरा थर्मामीटर.

जुना_घाटवाला

आणि हे घाटाच्या आधी! उतरताना ब्रेक तापले असते तर सगळेच तापले असते. कळंबोली ते खालापूर सपाट रस्ता, तिथे एकच जोडी तापते म्हणजे त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. लायनर, म्हणजे ड्रमला दाबून चाक थांबवणारा ब्रेकचा पट्टा, ड्रमला घासत चालला आहे. किंवा हबचं बेअरिंग. दोन्हीत उशीर करू नका, बेअरिंग असेल तर चाक निघून जाईल आणि ब्रेक असेल तर टायर पेटेल. बोरघाटात असा पेटलेला टायर विझवायला मी उतरलो आहे. पाणी टाकलं तरी पुन्हा पेटतो.

आजची ट्रिप रद्द करा असं माझं स्पष्ट मत आहे.

तुर्भे_ऑफिस

मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमध्ये गाड्यांचं रजिस्टर ठेवते, मार्केटच्या जवळच. घाटवाले काकांशी सहमत.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असाच प्रकार झाला. तेव्हापासून मी रजिस्टरमध्ये जोडीजोडीने रकाने केले: डावी जोडी, उजवी जोडी, मधला एक्सल, मागचा एक्सल. ड्रायव्हर दादा टोलला थांबले की स्क्रीनचा फोटो पाठवतात, मी आकडे भरते. एकट्या टायरचा आकडा वाचून मला काही कळत नाही. शेजारचा आणि समोरचा बघितला की कळतं. एक टायर वर तर हवा जास्त भरलेली असू शकते, जोडी वर तर ब्रेक किंवा बेअरिंग, एका बाजूचे सगळे वर तर माल एका बाजूला लादलेला किंवा ती बाजू उन्हात. फोटो पाठवायचा कंटाळा सुरुवातीला सगळ्यांनाच होता. एकदा पुण्याला जाताना त्यातूनच बेअरिंग सापडलं आणि मग कंटाळा गेला.

दादा, तुमच्या ड्रायव्हरना ते आकडे का लिहायचे ते समजावून सांगा. चिकटपट्टी आपोआप निघेल.

रबाळेकर

मध्येच विचारतो. नायट्रोजन भरला तर हे आकडे चढणं थांबतं ना? पंपावर तसं सांगतात.

महापे_इलेक्ट्रॉनिक्स

नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच चढतो. फरक पडतो तो ओलाव्याचा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं नाही तर हवेबरोबर ओलावा टायरमध्ये जातो, आकडा थोडा जास्त हलतो आणि डिस्क आतून गंजते. टाकीतलं पाणी रोज काढणारा हवेवाला भेटला तर ट्रकला तेवढं पुरे.

तळोजेकर

ट्रिप रद्द केली. गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, पण बरं झालं.

कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागे ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी लावली. मागचा क्लीनर साइडचा हब जॅकवर उचलला आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं तर ते जेमतेम फिरलं. दुसऱ्या बाजूचं एका हाताने फिरत होतं. ड्रम काढला. ब्रेक दाबल्यावर लायनर उघडणारा जो एस-कॅम असतो, त्याच्या बुशमध्ये ग्रीस वाळून माती बसली होती. ब्रेक लागायचा, पण सोडल्यावर कॅम पूर्ण परत येत नव्हता. लायनर जळून काचेसारखा चकचकीत झालेला, ड्रमला बारीक तडे, आणि हबमधलं ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येऊ लागलं होतं. मिस्त्री म्हणाला, आणखी आठ-दहा फेऱ्या, मग बेअरिंग गेलंच असतं.

दोन्ही बाजूंचे लायनर, तो ड्रम, बुश, सील, ग्रीस सगळं केलं. खर्च दोन सेन्सरच्या कितीतरी पट आला. तरी रात्री झोप लागली.

सात आणि आठ उतरवून आतूनही बघून घेतले. ठीक आहेत.

पाच नंबरला टायरवाले दादांचा अंदाज शंभर टक्के खरा निघाला. साबणाचं पाणी टाकल्यावर एक्स्टेन्शनच्या बुडाशी बुडबुडे. वॉशरला चीर होती. शिवाय नळी आधाराला बांधलेलीच नव्हती, बाहेरच्या डिस्कच्या भोकाला घासून तिच्यावर चकचकीत चट्टा पडला होता. ९१ होते, ८८ च्या वर, तरी मनाची खात्री व्हावी म्हणून तोही टायर आतून तपासला.

कळंबोली_टायरवाला

ते उत्तम केलंत. आता एक्स्टेन्शन घ्याल तर रबरी लवचिक नळी नको, लोखंडी किंवा पितळी घ्या आणि डिस्कला क्लिपने बांधा. लोंबत्या नळीच्या टोकाला सेन्सरचं वजन म्हणजे दर फेऱ्याला वॉल्व्हच्या मुळाशी झटका. सेन्सर हातानेच आवळा. पान्याने आवळला की वॉशर चेपतो. मग खालचं लॉकनट लावा.

उरण-जासई बाजूला जाणाऱ्यांनी आणखी एक करा. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमची टोपी आणि पितळी वॉल्व्ह एकमेकांना चिकटतात, मध्ये पांढरी पूड धरते. महिन्यातून एकदा सेन्सर काढून कोरड्या फडक्याने आटे पुसले तर टोपी वॉल्व्हसकट तुटून हातात येत नाही.

आणि तुम्ही आता चाकं उतरवलीत, टायर इकडचे तिकडे झाले का? झाले असतील तर सेन्सर जुन्या टायरबरोबर जाऊ देऊ नका. मी प्रत्येक सेन्सरवर रंगाने नंबर घालतो. पाचचा सेन्सर पाचच्या जागेवरच, टायर कुठलाही असो. नाहीतर स्क्रीनवर तीन नंबर ओरडेल आणि ड्रायव्हर चांगल्या टायरची हवा तपासत बसेल.

तळोजेकर

सात-आठची जोडी आणि नऊ-दहाची जोडी बदलली होती. सेन्सर आपापल्या जागी परत लावले, पांढऱ्या रंगाने नंबर घातले.

आता रेघांचं. परवा चार्जर आणि डॅशकॅम दोन्ही काढून गेलो. पाच नंबर चाकणपर्यंत एकदाही गेला नाही. काल डॅशकॅम लावला, तरी ठीक. संध्याकाळी चार्जर लावला आणि पळस्प्याच्या आत पाच गेला, थोड्या वेळाने नऊसुद्धा. नऊ म्हणजे मागचा आतला. चार्जर बदलला. नव्या चार्जरवर पाच टिकतो, नऊ अधूनमधून जातो. रिपीटर मागवला आहे.

आजचे खालापूरचे आकडे: सात ११८, आठ ११७, बाकीचे ११७ ते ११९. उतरताना घाटाखाली सगळे १२१ ते १२४. पाच आज सकाळी थंड ११०, काल सकाळीही ११०.

तुर्भे ताई, तुमच्यासारखा कागद छापून घेतला. ड्रायव्हर पहिल्या दिवशी गप्प होता. मी त्याला तो जळका लायनर हातात दिला आणि सांगितलं की तुझं यंत्र हेच ओरडून सांगत होतं, आपण दोघांनीही ऐकलं नाही. चिकटपट्टी त्याने स्वतः काढली. आता त्याची एकच मागणी आहे, सकाळच्या थंडीत उगाच ओरडू नये. खालची मर्यादा किती ठेवू?

जुना_घाटवाला

९९ ठेवा. ११० ला दहा टक्के कमी. थंडीच्या पहाटे लोणावळ्याला दोन-चार पीएसआय उतरतात, तेवढ्याने ओरडणार नाही. आणि ८८ च्या बऱ्याच आधी तुम्हाला कळेल. वरची १३० बरोबर आहे, पण तिची वाट बघू नका. जोडीत आणि समोरच्या जोडीत सात-आठ पीएसआयचा फरक दिसला की उतरून हाताची मागची बाजू हबजवळ धरा, लावू नका, नुसती जवळ. ताप मोजायची गन घेणार असाल तर कारखान्यातली घ्या, दवाखान्यातली चाळीस-बेचाळीसच्या पुढे मोजत नाही.

न्हावाशेवा_ट्रेलर

सगळा धागा वाचला. माझं घोडं, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, कायम एक, मागचे ट्रेलर बदलतात. बंदरात एक सोडतो, दुसरा उचलतो. मग मागच्या बारा सेन्सरचं काय करायचं? प्रत्येक वेळी स्क्रीनला नवे सेन्सर ओळखायला शिकवत बसायचं का?

महापे_इलेक्ट्रॉनिक्स

ट्रेलरचे सेन्सर ट्रेलरवरच राहू द्यायचे. एकाच मालकाचे दोन-चार ट्रेलर असतील तर एकापेक्षा जास्त ट्रेलरची यादी साठवणारी स्क्रीन मिळते, जोडताना त्यातला ट्रेलर निवडायचा. शिवाय प्रत्येक ट्रेलरवर एक रिपीटर हवाच, एवढ्या लांबून शेवटच्या एक्सलचा आवाज केबिनपर्यंत पोचत नाही. ट्रेलर दुसऱ्या कोणाचे असतील तर सेन्सर लावून उपयोग नाही, तिथे गेज घेऊन दर वेळी बारा टायर मोजा. ट्रेलर तुमचे स्वतःचे आहेत का?

न्हावाशेवा_ट्रेलर

तीन माझे, बाकी भाड्याचे. तिघांचं आधी करतो. भाड्याच्यांसाठी आजच गेज घेतला.

तुर्भे_ऑफिस

रजिस्टरमध्ये ट्रेलरचा नंबर वेगळ्या रकान्यात लिहा, घोड्याच्या नंबराखाली लिहू नका. ट्रेलर बदलला की मागचे आकडे कोणाचे होते तेच कळत नाही. माझी पहिली वही त्यामुळेच वाया गेली.

तळोजेकर

रिपीटर आला. चॅसिसवर मागच्या एक्सलच्या थोडं पुढे लावला, बॅटरीपासून फ्यूज घालून वायर घेतली. आज तळोजा ते चाकण आणि परत, नऊ नंबर एकदाही गेला नाही.